रिल्यूचा नियम आणि रिल्यू

साखर कारखान्याच्या उत्पादन विभागात ज्याने चार हंगाम काढले आहेत, त्याला रिल्यूचे नियम झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. नियम तीन आहेत आणि त्यांतला पहिला तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो: रस आटवणारी जितकी भांडी एकामागे एक जोडाल, साधारण तितके किलो पाणी एक किलो वाफ उडवते. मीही तो असाच घोकला, परीक्षेत सांगितला, आणि पुढे अनेक हंगाम ‘क्वाड’च्या, म्हणजे चार बॉड्यांच्या (भांड्यांच्या) रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या, लोखंडी फलाटावर उभा राहून साइट ग्लासमधून उकळणारा रस पाहत त्याच नियमावर पोट भरले. हा रिल्यू कोण, असा प्रश्न मला कधी पडला नाही. नावावरून कोणी फ्रेंच गृहस्थ असावा, वायूंचे नियम मांडणाऱ्या बॉइल किंवा गे-ल्यूसाक यांच्या रांगेत बसणारा, एवढे धरून मी मोकळा झालो होतो. नॉर्बर्ट रिल्यू यांचा जन्म अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात १८०६ साली झाला, त्यांची आई आफ्रिकी वंशाची होती, आणि ते ज्या शहरात वाढले तेथे माणसांचे लिलाव उघड बाजारात होत असत, हे मला नोकरीची बरीच वर्षे सरल्यावर कळले.

त्यानंतर उलट बाजूचा अनुभव आला. अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास ‘पहिल्या कृष्णवर्णीय’ मंडळींच्या याद्या आपल्याकडच्या मोबाइलपर्यंतही येऊन पोहोचतात. पहिला वैमानिक, पहिली डॉक्टर, पहिला पेटंटधारक, पहिला खेळाडू. अशा याद्यांत रिल्यू यांना एखादी ओळ मिळते, ती बहुधा अशी की त्यांनी साखर शुद्ध करण्याचा शोध लावला. ही ओळ वाचून कारखान्यातला कोणताही केमिस्ट कपाळाला हात लावील, कारण साखर शुद्ध करणे रिल्यूंच्या कित्येक शतके आधीपासून चालू होते, आणि खडीसाखरेच्या देशात तरी हे वेगळे सांगायला नको. रिल्यू यांनी केले ते निराळेच होते, आणि माझ्या मते त्याहून मोठे होते.

म्हणजे पाठ्यपुस्तकात काम आहे पण माणूस नाही, आणि यादीत माणूस आहे पण काम नाही. कृष्णवर्णीयांच्या कामगिरीचा इतिहास सांगण्याच्या या दोन प्रचलित पद्धती वरवर एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या, तरी दोन्हींनी तो इतिहास मधोमध चिरला आहे, असे मला वाटते. काम समजून न घेता माणसाला हार घालणे हा निव्वळ उपचार होतो. आणि तो माणूस कोठे उभा राहून काम करत होता हे गाळले, तर त्या कामाची किंमतही नीट करता येत नाही.

कामापासून सुरुवात करतो, कारण ते डोळ्यांसमोर आणणे आपल्याला अवघड नाही. कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे, त्याने रिल्यूंच्या आधीचा साखर-कारखाना अर्धाअधिक पाहिलेला आहे. चुलवाणावर मोठी काहील, खाली चिपाडांचा जाळ, वर रानभेंडीने मळी काढलेला रस, आणि काठाशी पाकावर नजर लावून बसलेला गुळव्या. लुइझियानातल्या मळ्यांवर एका काहिलीच्या जागी चार-पाच लोखंडी कढया एकाच लांब भट्टीवर ओळीने बसवलेल्या असत. रस पहिल्या मोठ्या कढईत पडे आणि आटत जाईल तसा पुढच्या लहान कढईत ओतला जाई. हे ओतण्याचे काम लांब दांड्याच्या पळ्यांनी माणसे करीत, आणि ती माणसे गुलाम होती. तोडलेला ऊस पडून राहिला की नासतो, आणि उभा राहिला तर तिथल्या हिवाळ्यातले हिम त्याला मारते. त्यामुळे गाळप सुरू झाले की संपेपर्यंत भट्टी विझत नसे आणि माणसांच्या पाळ्या रात्रंदिवस चालत. पेंगुळलेल्या माणसाच्या हातून उकळता पाक अंगावर येणे ही तेथे नवलाची गोष्ट नव्हती. शेवटच्या कढईत ताव जरासा चढला की पाक करपे, साखर काळपट होई आणि तिचा भाव पडे.

या पद्धतीतली सर्वांत मोठी नासाडी सर्वांना दिसत होती. ती नासाडी आहे असे मात्र कोणाला वाटत नव्हते. गुऱ्हाळावर जो पांढराशुभ्र वाफेचा लोट उठतो, त्यात जाळाने रसाला दिलेली जवळजवळ सगळी उष्णता भरलेली असते. थंडगार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते, आणि ती वाफेबरोबर आकाशात निघून जाते. तिच्यावर दुसरी कढई उकळावी असे म्हटले तर अडचण अशी की शंभर अंशांची वाफ शंभर अंशांनाच उकळणाऱ्या रसाला उकळवू शकत नाही. पाण्याप्रमाणे उष्णतेलाही वाहायला उतार लागतो.

रिल्यू यांनी तो उतार हवेच्या दाबातून काढला. बंद भांड्यातली हवा ओढून घेतली की पाणी कमी तापमानाला उकळते, हे तेव्हा माहीत होते, आणि त्यावर चालणारी व्हॅक्यूम पॅन एडवर्ड हॉवर्ड यांनी इंग्लंडमध्ये १८१०च्या दशकातच बनवली होती. रिल्यूंची बुद्धी दिसते ती पुढच्या पायरीत. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवण्यासाठी वापरायची आणि दुसऱ्यातला दाब पहिल्यापेक्षा कमी ठेवायचा. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला द्यायची आणि तिसऱ्यातला दाब आणखी उतरवायचा. म्हणजे प्रत्येक भांडे आधीच्या भांड्याच्या टाकाऊ वाफेवर उकळते. आजच्या क्वाडमध्ये शेवटच्या बॉडीतला रस ५५ अंशांच्या आसपास उकळत असतो. हात भाजेल पण साखर करपणार नाही, असे ते तापमान आहे. जळण वाचले आणि साखर गोरी झाली, हे दोन्ही एकाच युक्तीने साधले.

हिशोब मांडून पाहावा म्हणजे युक्तीचे वजन कळते. रसात साधारण १५ टक्के विद्राव्य घटक असतात, म्हणजे कारखान्याच्या भाषेत रस १५ ब्रिक्सचा असतो, आणि तो साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनवर घेण्याआधी ६० ब्रिक्सपर्यंत आटवावा लागतो. १०० किलो रसातून ७५ किलो पाणी उडवल्यावर हे साधते. एकट्या भांड्यात त्यासाठी सुमारे ७५ किलो वाफ खर्ची पडेल. चार भांडी ओळीने जोडली तर १९ किलोंच्या जवळपास. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला रोज साधारण ३,७५० टन पाणी उडवावे लागते, हे लक्षात घेतले की या चौथाईचा अर्थ उमगतो. आपले कारखाने स्वतःच्या बगॅसवर, म्हणजे चिपाडांवर, चालतात, बाहेरून जळण आणत नाहीत, उलट उरलेल्या बगॅसवर वीज तयार करून विकतात, या सगळ्या सहवीजनिर्मितीच्या बुडाशी वाफेची हीच काटकसर आहे. १९५०-५१च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले, आणि तेथून पुढे महाराष्ट्रात जेथे जेथे चिमणी उभी राहिली, तेथे तेथे रिल्यूंचे तत्त्व आधीच येऊन बसलेले होते. साखरेपुरतेही ते राहिलेले नाही. आटीव दूध, कागद कारखान्यातले काळे पाणी, कॉस्टिक सोडा, समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी, जेथे म्हणून पुष्कळ पाणी थोडक्या उष्णतेत उडवायचे असते, तेथे हीच भांडी ओळीने उभी असतात.

आता माणूस. नॉर्बर्ट यांचे वडील व्हिन्सेंट रिल्यू हे गोरे, सधन आणि स्वतःही यंत्रांत डोके चालवणारे मळेवाले होते. आई कॉन्स्टन्स व्हिव्हाँ या मुक्त कृष्णवर्णीय स्त्री होत्या. न्यू ऑर्लीन्समध्ये अशा मिश्र घरांचा, ‘मुक्त रंगीत लोक’ म्हणवल्या जाणाऱ्यांचा, एक चांगला मोठा थर होता. त्यांना मालमत्ता करता येई, धंदा करता येई, कज्जा लढवता येई, पण गोऱ्यांच्या बरोबरीचे स्थान त्यांना नव्हते. वडिलांनी मुलाची हुशारी हेरून त्याला पॅरिसला पाठवले. तेथील एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेत वयाच्या चोविसाव्या वर्षी नॉर्बर्ट उपयोजित यंत्रशास्त्र शिकवू लागले, आणि वाफेच्या काटकसरीवर त्यांनी निबंध लिहिले. १८३०च्या दशकात ते न्यू ऑर्लीन्सला परतले. पहिले प्रयत्न फसले. १८४३ साली पहिले पेटंट मिळाले, १८४५ साली थिओडोर पॅकवुड यांच्या मर्टल ग्रोव्ह मळ्यावर यंत्र व्यवस्थित चालून दाखवले गेले, आणि १८४६ साली दुसरे पेटंट पदरात पडले. त्यानंतर मळेवाले त्यांच्याकडे येऊ लागले.

यंत्र बसवायला रिल्यू मळ्यावर जात, तेव्हा यजमानापुढे पेच पडत असे, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ज्याच्यावाचून आपली साखर अडली आहे अशा इंजिनिअरला गुलामांच्या चाळीत उतरवता येत नाही, आणि कृष्णवर्णीयाला घरात घेऊन आपल्या टेबलावर जेवायला बसवता येत नाही. मग त्यांच्यासाठी वेगळे घर दिले जाई आणि दिमतीला गुलाम नेमले जात. विद्वानाची विद्या घ्यायची आणि पंगत मात्र वेगळी मांडायची, ही व्यवस्था मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये.

गौरवगाथा लिहिणाऱ्याची अडचण येथेच सुरू होते, आणि बहुतेक जण या ठिकाणी पान उलटतात. रिल्यूंच्या दिमतीला कोण होते, ते वर आलेच आहे. त्यांच्या यंत्राचे गिऱ्हाईक कोण होते, तेही पाहिले पाहिजे. त्यांच्या पद्धतीची छापील स्तुती करणाऱ्यांत ज्युडा बेंजामिन हे प्रमुख होते. बेंजामिन स्वतः मळेवाले, शंभराहून अधिक गुलामांचे मालक, आणि पुढे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री. पळीने पाक ओतण्याचे जीवघेणे काम यंत्राने संपवले हे खरे. पण त्याच यंत्राने मळ्याचा नफा वाढवला, आणि नफ्यात आलेला मळा गुलामांना मोकळे करीत नाही, आणखी विकत घेतो. १८६०च्या शिरगणतीत एकट्या लुइझियानात ३,३१,००० हून अधिक गुलाम होते. कृष्णवर्णीय संशोधकाच्या शोधाने कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीचे अर्थशास्त्र बळकट झाले असेल, ही गोष्ट यादीच्या एका ओळीत मावत नाही, आणि म्हणूनच ती यादी मला अपुरी वाटते. मोठ्या माणसाच्या चरित्रात असा गुंता असणे हे त्याच्या मोठेपणाला बाधक आहे असे मी मानत नाही. तो गुंता लपवला, तर मात्र वाचकाला फसवल्यासारखे होते.

दक्षिणेत १८५०च्या दशकात मुक्त कृष्णवर्णीयांवरचे निर्बंध एकेक करून कडक होत गेले. पीतज्वराने शहर पोखरले जात असताना रिल्यूंनी सांडपाण्याच्या निचऱ्याची योजना आखून दिली, ती स्वीकारली गेली नाही. अखेर ते पॅरिसला निघून गेले, उतारवयात बीटच्या साखरेसाठी पुन्हा एक पेटंट मिळवले, आणि १८९४ साली तेथेच वारले. पेर लाशेज दफनभूमीत त्यांची कबर आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. रिल्यू जन्माने मुक्त होते, बापाकडून पैसा होता, पॅरिसचे शिक्षण होते, रक्ताने ते चारांतले तीन हिस्से युरोपीय होते. मग त्यांना कृष्णवर्णीयांच्या इतिहासात बसवणे ही ओढाताण नव्हे काय? माझे उत्तर असे की ओढाताण आम्ही केलेली नाही, ती त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत झाली आहे. त्या नोंदीत बाळाच्या नावाबरोबर त्याच्या अंगात आफ्रिकी रक्ताचा किती हिस्सा आहे हे सांगणारा शब्द लिहिला गेला, आणि जेवणाचे टेबल कोणते हे पुढे त्या शब्दानेच ठरवले. पण आक्षेपातला खरा भाग मला महत्त्वाचा वाटतो. रिल्यू घडले ते न्यू ऑर्लीन्समध्ये नव्हे, पॅरिसमध्ये. तीच बुद्धी, तोच बाप, आणि पॅरिस वजा, असे समीकरण मांडले तर उत्तरात इव्हॅपोरेटर येत नाही.

पॅरिस वजा केल्यावर काय उरते, याचे उदाहरणही त्याच काळातले आहे. मिसिसिपीतले एक मळेवाले ऑस्कर स्टुअर्ट यांच्याकडे नेड नावाचे एक गुलाम लोहार होते. (मराठीत त्यांना ‘होते’ म्हणायला काही अडत नाही; हयातीत त्यांना अहो-जाहो करणारा कोणी भेटला नसावा.) नेड यांनी कापसाच्या मशागतीसाठी एक सुधारित अवजार तयार केले. स्टुअर्ट यांनी त्याचे पेटंट स्वतःच्या नावाने मागितले. युक्तिवाद असा की गुलाम माझा, म्हणून त्याच्या हातांचे आणि डोक्याचे उत्पन्नही माझे. १८५८ साली अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक यांनी मत दिले की गुलामाच्या शोधाला पेटंट देता येत नाही. शोध लावणारा गुलाम नागरिक नाही म्हणून त्याला मिळत नाही, आणि मालकाने शोध लावलेला नाही म्हणून मालकालाही मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते अवजार कोणीच शोधलेले नव्हते. स्टुअर्ट यांनी तरीही ते विकायला काढले, आणि जाहिरातीत गुलामाच्या या बुद्धीचा उपयोग गुलामगिरीच्याच समर्थनासाठी करून घेतला: गुलामगिरीने माणसाची बुद्धी खुरटते असे म्हणता ना, मग हे पाहा, आणि मुक्त निग्रोने कधी काय शोधले ते दाखवा, असा त्या मजकुराचा रोख होता. पुढे १८६१ साली फुटून निघालेल्या दक्षिणेने स्वतःचा पेटंट कायदा केला, तेव्हा गुलामाच्या शोधाचे पेटंट मालकाला मिळेल अशी तरतूद त्यात आवर्जून घातली गेली.

स्टुअर्ट ती जाहिरात करत होते, तेव्हा रिल्यूंच्या पेटंटाला पंधराएक वर्षे झाली होती, आणि त्यांची यंत्रे शेजारच्याच राज्यात चालू होती. म्हणजे मुक्त कृष्णवर्णीयाने काय शोधले, याचे उत्तर स्टुअर्ट ज्या साखरेने चहा पीत असतील त्या साखरेतही असू शकत होते. नेड यांचे आडनाव कागदोपत्री नाही. याद्यांत त्यांचे नावही बहुधा नसते, कारण कशातही ‘पहिले’ म्हणून त्यांची नोंद झालेली नाही.

‘पहिला’ या शब्दाविषयीच माझी तक्रार आहे. तो शब्द व्यक्तीची उंची मोजतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा दार कधी उघडले याची तारीख सांगतो. बेसबॉलच्या मोठ्या संघांत खेळलेले पहिले कृष्णवर्णीय म्हणून १९४७ सालचे जॅकी रॉबिन्सन सांगितले जातात, आणि त्यांच्या धैर्याविषयी दुमत नाही. पण मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ सालीच मोठ्या लीगमध्ये खेळले होते. मधल्या साठ वर्षांत खेळाडू संपले नव्हते, दार लावून घेतले गेले होते. बेसी कोलमन यांना १९२१ साली विमान चालवण्याचा परवाना मिळाला तो फ्रान्समध्ये, कारण अमेरिकेतल्या शाळा त्यांना शिकवायला तयार नव्हत्या. त्यासाठी त्या आधी फ्रेंच शिकल्या. रिल्यूंनंतर नव्वद वर्षांनीही तीच वाट, त्याच देशाकडे. ‘पहिली कृष्णवर्णीय महिला वैमानिक’ या चार शब्दांत हे फ्रेंच शिकणे येत नाही. शिकागोचे डॅनिएल हेल विल्यम्स यांनी १८९३ साली सुऱ्याच्या जखमेने फाटलेले हृदयावरण शिवले. ते असे करणारे जगातले पहिले की दुसरे, यावर अजून वाद घातले जातात. त्याच विल्यम्स यांनी दोन वर्षे आधी कृष्णवर्णीय परिचारिकांना शिकागोत कोठेच शिकता येत नाही म्हणून प्रॉव्हिडंट हॉस्पिटल उभे केले, याविषयी वाद नाही, आणि त्याची चर्चाही फारशी नाही.

आपल्या दख्खनच्या इतिहासाकडे पाहिले की हा मुद्दा अधिक उजळतो. मलिक अंबर हे हबशी होते, लहानपणी गुलाम म्हणून अनेकदा विकले गेले होते, निजामशाहीचे वजीर झाले, १६१० साली खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली, तिला पाणी देणारी नहर बांधली, जमाबंदीची व्यवस्था लावली आणि १६२४ साली भातवडीच्या लढाईत, शहाजीराजे त्यांच्या बाजूने लढत असताना, मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. त्यांना ‘पहिले हबशी वजीर’ असे कोणी म्हणत नाही. म्हणता येणारही नाही, कारण त्यांना ज्यांनी विकत घेतले ते निजामशाहीचे पेशवे चंगेजखान स्वतः हबशीच होते. दख्खनमध्ये माणसे विकली जात नव्हती असे मुळीच नाही. पण सत्तेच्या दारावर कातडीच्या रंगाचे कुलूप नव्हते, आणि म्हणून अंबरांचे कर्तृत्व आपण नहर, जमाबंदी आणि गनिमी लढाई यांवरून मोजतो. रिल्यूंनाही असेच मोजावे, एवढेच मागणे आहे.

विज्ञानाला रंग नसतो, पाठ्यपुस्तकात संशोधकाची वंशावळ कशाला, असे माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला ऐकवले, आणि त्यांचा सूर तिरकस नव्हता, प्रामाणिक होता. वाफेला रंग नाही हे मला मान्य आहे. पण मी रिल्यूंना इतकी वर्षे गोरे धरून चाललो, हे मला कोणी शिकवले नव्हते. चेहऱ्याची जागा कोरी ठेवली की मन तेथे सवयीचा चेहरा बसवते, आणि मग ती जागा कोरी राहत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी डिप्लोमाला आले आहे, त्याने पहिला नियम शिकताना तो लिहिणारा माणूस कोणत्या टेबलावर जेवू शकत नव्हता हे जाणून घेतले, तर नियमाच्या गणितात काही बिघाड होणार नाही.

उलट बाजूचा अतिउत्साहही तितकाच घातक आहे. मराठी वाचकाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घरच्यासारखे माहीत आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलताना त्यांनी पीनट बटर शोधले असे आपण सहज सांगून टाकतो. त्यांनी ते शोधले नाही. शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांना १८८४ सालीच मिळाले होते. कार्व्हर यांच्या नावावर पेटंटे तीन, आणि खरे काम वेगळेच: कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळी घेऊन जमीन कशी सावरायची हे, कर्जात बुडालेल्या, बहुतेक वेळा निरक्षर, कृष्णवर्णीय कुळांना त्यांच्या बांधावर जाऊन दाखवणे. त्यासाठी १९०६ साली त्यांनी घोडागाडीवर फिरती शाळा काढली. बाटलीतल्या लोण्याचे खोटे श्रेय या गाडीला झाकून टाकते. चार्ल्स ड्रू यांच्याबाबतही असेच झाले. रक्तद्रव साठवण्याच्या कामात अग्रेसर असलेले हे डॉक्टर १९५० साली मोटार अपघातात गेले. गोऱ्यांच्या दवाखान्याने रक्त नाकारले म्हणून ते गेले, अशी हृदयद्रावक कथा सर्वत्र सांगितली जाते, आणि ती खरी नाही. गोऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले होते. खरी गोष्ट त्याहून बोचणारी आहे, ती अशी की ज्या रक्तपेढ्यांची घडी बसवायला ड्रू यांनी मदत केली, त्यांत युद्धकाळात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रक्त वेगवेगळे ठेवले जात असे, आणि याला शास्त्रीय आधार नाही हे ड्रू यांनी स्पष्ट सांगितले होते. खोटी कथा एका दवाखान्याला खलनायक करते. खरी कथा अख्ख्या व्यवस्थेकडे बोट दाखवते. मला दुसरी हवी आहे, आणि तिच्यासाठी कागद तपासण्याचा कंटाळा करून चालणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. साखर तंत्रज्ञानाच्या मराठी टिपणांत, डिप्लोमाच्या पुस्तकांत आणि कारखान्यांच्या प्रशिक्षण वर्गांत पहिल्या नियमाखाली अर्धे पान वाढवावे. त्यात गुऱ्हाळाची वाफ यावी, कढया आणि पळ्या याव्यात, पॅरिस यावे, मर्टल ग्रोव्ह यावा, तेथे राबणारी माणसे यावीत, आणि नेड यावेत. ‘पहिला’ हा शब्द नियमापुरताच असावा.

१९३४ साली जगभरच्या साखर उद्योगाने मिळून न्यू ऑर्लीन्समध्ये, लुइझियानाच्या राज्य संग्रहालयात, रिल्यूंच्या स्मरणार्थ कांस्याचा फलक बसवला. त्यावर जन्म कोठे, मृत्यू कोठे, आणि शोध कोणता, हे कोरलेले आहे. ते कोण होते याविषयी अक्षर नाही. त्याच राज्याच्या विद्यापीठात, ऑडुबॉन शुगर स्कूल नावाची नामांकित शाळा होती आणि तेथे साखरेच्या इंजिनिअरांना मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर, म्हणजे रिल्यूंची ओळीने जोडलेली भांडीच, शिकवला जात होता. त्या वर्षी त्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळत नव्हता.